पक्ष्यांसाठी पाणी ठेवता, पण ते भांडं शेवटचं कधी घासलं होतं?

मार्च संपत आला की गच्चीवर, खिडकीच्या सज्जावर, मशिदीच्या आवारातल्या झाडाखाली मातीची परळं दिसायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चोच उघडून बसलेल्या चिमणीचा फोटो फिरतो, खाली "पाणी ठेवा, सवाब मिळवा" असं लिहिलेलं असतं. चांगलीच गोष्ट आहे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. लातूर, परभणी, जळगावच्या उन्हात एखाद्या होल्यासाठी ते पाणी म्हणजे खरोखर जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो.

पण या मेसेजमध्ये एक गोष्ट कधीच नसते. भांडं धुवायचं किती दिवसांनी आणि कसं? बहुतेक घरांत पाणी संपलं की वरून तांब्याभर ओततात. परळाच्या आतल्या बाजूला हिरवट, बुळबुळीत थर चढतो, त्यात विष्ठा पडते, चोचीतून पडलेले बाजरीचे दाणे कुजतात आणि त्यावरच रोज नवं पाणी पडत राहतं. असं भांडं मोहल्ल्यातल्या सगळ्या पक्ष्यांना एकाच ठिकाणी बोलावतं आणि एकाचा आजार दुसऱ्याला देतं. हे नुसत्या शंकेपोटी लिहिलेलं नाही. दाणापाणी ठेवण्याच्या जागांवरून आजार पसरतो तेव्हा काय होतं, हे इंग्लंडमध्ये गेल्या वीस वर्षांत मोजून पाहिलं गेलं आहे.

ग्रीनफिंचचं काय झालं

ग्रीनफिंच म्हणजे चिमणीएवढा, हिरवट-पिवळा, जाड चोचीचा पक्षी. ब्रिटनमधल्या घरामागच्या बागांत तो अगदी नेहमीचा. तिथे बागेत पक्ष्यांसाठी दाणे टांगायची आणि पाण्याचं उथळ भांडं ठेवायची पद्धत आपल्यापेक्षा खूप जुनी आणि मोठी आहे. २००५ मध्ये तिथे काही ग्रीनफिंच पिसं फुलवून, सुस्त होऊन, दाण्याजवळच बसून राहिलेले दिसू लागले. त्यांना भूक लागलेली असायची, दाणा चोचीत घ्यायचे, पण गिळता येत नव्हता. २००६ च्या उन्हाळ्यात तर साथच आली. २००६ ते २००९ या काळात तिथल्या ग्रीनफिंचची संख्या साधारण ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली, म्हणजे तीनातला एक पक्षी गेला. पुढेही घसरण थांबली नाही आणि २०२१ मध्ये हा पक्षी तिथल्या 'लाल यादी'त गेला. काही वर्षांपूर्वी ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं, इतका तो साधा पक्षी होता.

आजाराचं कारण ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी. आणि तो मुळात कुणाचा? कबुतरांचा आणि होल्यांचा. आपल्याकडे जे लोक कबुतरं पाळतात त्यांना हा आजार 'कँकर' या नावाने चांगला माहीत आहे. पिलाच्या घशात पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर दिसतो, तो हाच. बहिरी ससाण्यासारखे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांनाही तो शेकडो वर्षांपासून माहीत होता, कारण आजारी कबुतर खाल्लं की ससाण्यालाही तो होतो. ब्रिटनमध्ये तो कबुतरांकडून फिंच पक्ष्यांमध्ये शिरला. २००८ मध्ये नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्येही दिसला. चॅफिंच नावाचे पक्षी हिवाळ्यात ब्रिटनला येतात आणि परत उत्तरेकडे जातात, त्यांच्याबरोबर तो तिकडे गेला असावा असं संशोधक मानतात. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये गुलाबी कबुतर नावाची, जगात दुसरीकडे कुठेच नसलेली जात आहे. १९९० च्या सुमारास ती जेमतेम दहाच्या आसपास उरली होती. मोठ्या कष्टाने तिला वाचवलं, पण तिच्या पिलांचा घरट्यातच जीव घेणाऱ्या आजारांत हा परजीवी आजही मोठा आहे.

ब्रिटनमधली पक्ष्यांची सर्वांत मोठी संस्था, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स, हिने २०२५ च्या सुरुवातीला एक अवघड पाऊल उचललं. सपाट पृष्ठभागाची, म्हणजे ताटासारखी दाणे ठेवायची साधनं विकणं तिने थांबवलं. दाणे विकून ज्या संस्थेला पैसा मिळतो तिनेच हे केलं, म्हणून ते लक्षात घेण्यासारखं.

पाण्यातून आजार जातो तो असा

चिमणी पाणी कशी पिते ते पाहा. चोच बुडवते, थेंब उचलते, मान वर करते आणि गिळते. कबुतर आणि होला तसं करत नाहीत. ते जवळजवळ नाकपुड्यांपर्यंत चोच पाण्यात घालतात आणि ओढून पितात, अगदी म्हशीसारखं. या परजीवीचं घर म्हणजे पक्ष्याचं तोंड, घसा आणि अन्नाची पिशवी. त्यामुळे लाळ थेट पाण्यात उतरते. त्यातून घशाला सूज आलेली असेल तर घेतलेलं पाणी आणि दाणे चोचीतून परत त्याच भांड्यात पडतात. पाच मिनिटांनी तिथे चिमणी येते, साळुंकी येते, दुसरा होला येतो. ब्रिटनमध्ये हा आजार घरचिमण्यांमध्येही सापडला आहे.

कबुतरांची अडचण अशी की त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घशात हा परजीवी असतो, पण त्यांना काहीच होत नाही. ठणठणीत दिसणारं कबुतर तो घेऊन फिरत असतं. आई-बाप दोघंही पिलाच्या चोचीत आपल्या अन्नपिशवीतला दुधासारखा पदार्थ भरवतात, त्यातून तो पिलाला मिळतो. म्हणून "आमच्याकडे आजारी पक्षी येतच नाहीत" या भरवशावर राहता येत नाही.

आता यातली दिलासा देणारी गोष्ट. हा परजीवी सुकला की मरतो. ओल्या, घाण असलेल्या पाण्यात तो काही तास टिकतो, दाण्यांचा चोथा आणि विष्ठा असेल तर जास्त. पण भांडं खडखडीत कोरडं झालं तर त्याचं काम संपलं. युरोपातल्या बागांत कोरडं ऊन मिळणं मुश्कील, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ते फुकट आहे. फक्त आपलं भांडं कधी सुकतच नाही, कारण ते रिकामं ठेवणं आपल्याला पाप वाटतं.

म्हणून पहिला उपाय अगदी स्वस्त: एकाऐवजी दोन परळं घ्या. आज एकात पाणी, दुसरं घासून उन्हात पालथं. उद्या उलट. पक्ष्यांचं पाणी एक दिवसही तुटत नाही आणि प्रत्येक भांड्याला रोजाआड पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. मला विचाराल तर या लेखातलं दुसरं काहीच केलं नाही आणि एवढं एक केलं, तरी निम्म्याहून जास्त काम झालं.

घासताना आधी जुनं पाणी झाडाच्या मुळाशी किंवा मोरीत ओता, गच्चीवर पसरू देऊ नका. मग भांड्याच्या साबणाने काथ्या किंवा जाड ब्रशने आतून आणि काठावरून घासा. ही घासणी फक्त याच कामाची, स्वयंपाकघरातली नको, आणि भांडंही सिंकमध्ये न धुता बाहेर किंवा मोरीत धुवा. रोज एवढं पुरे. आठवड्यातून एकदा निर्जंतुक करा. त्यासाठी साधं, सुगंध नसलेलं द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण भांड्यात दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने विसळा आणि ब्लीचचा वास जाईपर्यंत उन्हात सुकवा. घासल्याशिवाय नुसतं ब्लीच ओतून उपयोग नाही. घाण असेल तर ब्लीचची ताकद त्या घाणीवरच खर्च होते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मातीचं परळ पाणी पितं, म्हणून त्यात ब्लीचचा वास बराच राहतो. त्याला आठवड्यातून एकदा उकळतं पाणी ओतलं आणि दोन दिवस उन्हात ठेवलं तरी चालतं. तडे गेलेलं, आतून शेवाळ धरलेलं परळ सरळ टाकून द्या, वीस-तीस रुपयांची गोष्ट आहे. फिनेल किंवा डेटॉल वापरू नका. त्याचा अंश मातीत मुरतो आणि तो पक्ष्यांना आणि मांजरांना बाधतो. पाण्यात हळद, मीठ, साखर, कडुलिंब, "गरमीचं औषध" असं काही घालायचीही गरज नाही. नळाचं साधं पाणी हवं, बस्स. कुणी अँटिबायोटिकची गोळी विरघळवून ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. कोणता पक्षी किती प्याला याचा हिशेब नसतो आणि अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात. पाळलेल्या कबुतरांची गोष्ट वेगळी. त्यांना कँकरवर औषध आहे, पण ते जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच.

जागा निवडताना वर बघा. परळावर विजेची तार किंवा झाडाची फांदी असेल तर वर बसलेल्यांची विष्ठा थेट पाण्यात पडणार. भांडं उथळ असावं, बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी पुष्कळ झालं, मध्ये एक दगड ठेवला तर लहान पक्ष्यांना उभं राहता येतं. दाणे पाण्यापासून चार हात लांब ठेवा आणि संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच टाका.

डासांचा हिशेब वेगळा

'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असं महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघरी सांगत फिरतात, ते डेंग्यूसाठी. एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला पाणी फेकलं की साखळी तुटते. पण एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ही अंडी सुकली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. म्हणजे कँकरचा परजीवी उन्हाने मरतो, पण डासाचं अंडं घासल्याशिवाय जात नाही. म्हणून सुकवणंही हवं आणि घासणंही. डास पक्ष्यांनाही सोडत नाहीत. पक्ष्यांच्या पायांवर, चोचीजवळ, डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड येतात, ती पक्ष्यांमधली देवी. ती डासांच्या चावण्यातून पसरते, तशीच फोड घासलेल्या भांड्याच्या काठावरूनही.

आजारी पक्षी दिसला तर

अंग फुगवून बसलेला, माणूस जवळ गेला तरी न उडणारा, चोचीभोवतीची पिसं ओली झालेली, दाणा उचलून पुन्हा टाकणारा पक्षी दिसला तर कँकरची शक्यता धरा. मान पिळवटलेली, डोकं उलटं फिरणारं, गोल गोल घुमणारं कबुतर असेल तर तो बहुतेक विषाणूचा आजार. आपल्या गावठी कोंबड्यांना जी मानमोडी किंवा राणीखेत होते, तिचाच भाऊबंद. कोकणात ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी रानपक्ष्यांचं पाणी आणि कोंबड्यांचं पाणी कधीही एक ठेवू नये. पक्ष्यांचं परळ गच्चीवर, कोंबड्यांचं खुराड्यात, आणि कोंबड्यांना राणीखेतची लस वेळेवर.

आजारी पक्षी दिसला की दाणे टाकणं त्याच दिवशी बंद करा, निदान दोन आठवडे. पाण्याचं काय, हा खरा अवघड प्रश्न. ब्रिटनमध्ये सांगतात की भांडंही रिकामं करा, पक्षी पांगतील आणि गर्दी तुटेल. तिथे पाणी कुठेही मिळतं. आपल्याकडे मे महिन्यात, ४२ अंशांत, मन तयार होत नाही. माझं मत असं: आसपास तळं, नाला, शेजाऱ्यांची परळं असतील तर आपलं भांडं दोन आठवडे बंदच ठेवा. खरोखरच दुसरं पाणी नसेल तर थोडंसंच पाणी, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी घासून सुकवलेल्या दुसऱ्या भांड्यात द्या. मधल्या पडीक पाण्याला वावच ठेवू नका.

कुणी म्हणेल, प्यासे पक्षी हाकलायचे आणि सवाबाचं काय? आजारी उंटांच्या मालकाने आपली जनावरं दुसऱ्याच्या निरोगी उंटांमध्ये पाण्यावर आणू नयेत, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उंटाला मालक असतो, तो त्याला थांबवू शकतो. होल्याला कोण थांबवणार? इथे पाणवठाच आपला आहे, तेव्हा थांबवायचं तेही आपणच.

माणसांना यातलं काय होऊ शकतं, हेही घरात लहान मुलं असल्याने सांगायला हवं. कँकरचा परजीवी माणसाला होत नाही. साल्मोनेला मात्र होतो. २०२१ मध्ये अमेरिकेत पाइन सिस्किन नावाच्या छोट्या पक्ष्यांमध्ये त्याची साथ आली आणि माणसंही आजारी पडली, त्यांतल्या काहींनी दाण्याची-पाण्याची भांडी हाताळली होती. तेव्हा परळ धुतल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलांनी धुतलं तर त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. मांजर असेल तर मेलेला पक्षी तिच्या तोंडी लागू देऊ नका. कबुतरांच्या सुक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तो वाद त्यावरूनच होता. त्यात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही, पण गॅलरीतली सुकी विष्ठा झाडूने उडवण्यापेक्षा पाणी शिंपडून, तोंडावर कपडा बांधून पुसणं केव्हाही बरं.

बर्ड फ्लूची भीती सगळ्यात जास्त असते, म्हणून थोडं त्याबद्दल. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, त्याच दिवसांत मुंबई, ठाणे, दापोली, बीडमधल्या मेलेल्या पक्ष्यांतही हा विषाणू सापडला. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मेले, तेही यानेच. एखादा पक्षी मेलेला दिसणं रोजचंच आहे, पण एकाच जागी दोन-चार दिवसांत अनेक कावळे, बगळे किंवा कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. ते नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेला पाठवतात. एकटादुकटा पक्षी असेल तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचला, हातभर खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका.

शेवटी कब्रस्तानाबद्दल. काही कबरींच्या संगमरवरावर पक्ष्यांसाठी छोटी वाटी कोरलेली असते, काही ठिकाणी उशाशी परळ ठेवलेलं असतं. घरचे लोक जुम्याला किंवा शबेबरातला येतात, फातिहा पढतात, पाणी भरतात, मूठभर बाजरी टाकतात आणि जातात. पुढचा फेरा कधी पंधरा दिवसांनी, कधी वर्षाने. कोरलेली वाटी उचलून पालथी करता येत नाही, तिच्यात तेच पाणी, तीच बाजरी सडत राहते आणि पावसाळ्यात डासांची अंडी. जाताना एक जुना फडका आणि छोटा ब्रश बरोबर न्या. वाटी आधी कोरडी पुसा, घासा, मग भरा, तीही तळाला थोडीशी, म्हणजे संध्याकाळपर्यंत उन्हाने आटेल. बाजरी वाटीत नको, बाजूला मातीवर टाका. नवी कबर बांधून घेणाऱ्यांनी कारागिराला वाटी कोरायला सांगण्याऐवजी सुटं परळ बसेल एवढी सपाट जागा ठेवायला सांगावं. इंतेजामिया कमिटीला जमलं तर सगळ्या कबरींवरच्या वाट्यांऐवजी नळाजवळ, सावलीत, एकच मोठं उथळ भांडं ठेवावं आणि पाणी बदलायचं काम कब्रस्तान सांभाळणाऱ्या चाचांना पगारात धरून द्यावं.